तेवीस मिनिटांची सकाळ

"लिपस्टिक कशाला लावलीस, अमा?"

"ओठांना लावली. आणखी कुठे लावतात?"

"मी काय विचारतेय आणि तू काय—"

"बाहेरचा माणूस कॅमेरा घेऊन घरात येणार होता, मी काय भुतासारखी बसले असते? माझ्या आईने मला असं वाढवलेलं नाही."

"बाहेरचा कसला! आर्नुल्फो तो! तुझ्याच बसमधून शाळेत जायचा!"

"मग तर लावायलाच हवी. त्याने मला बिनलिपस्टिकची कधी बघितलेलीच नाही."

नोएलियाने फोन टेबलावर आपटला. तो साखरेच्या डब्याला धडकून गोल फिरला आणि थांबला. "वकील काय म्हणाले ऐकलंस ना? 'दोन्या हर्लिंदा, ही फिल्म मी समोरच्यांना दाखवली, तर ते दावा सोडून तुमच्याकडे जेवायला येतील.'"

"येऊ देत की. बीन्स भिजत घातलेत."

मुलीने कपाळाला हात लावला. आईने चाकाची खुर्ची टेबलापाशी ओढली आणि बीन्समधले खडे वेचायला घेतले. उजवा खांदा वर जात नाही, म्हणून डाव्या हाताने.

वकील रेनाल्डो ओचोआ मॅकालन शहरातून बोलले होते. हमरस्त्याच्या कडेला मोठमोठ्या फलकांवर हाताची घडी घालून 'ट्रकने ठोकलं? आम्हाला फोन करा!' म्हणत उभे असतात, त्या वकिलांतले ते नव्हेत. त्यांचं ऑफिस टायरच्या दुकानावर, बोलणं मवाळ, मोठ्या बाईला मानाने 'दोन्या' म्हणणारं. पण आजच्या फोनवर मवाळपणा आटला होता. गुरुवारी समेटाची बैठक होती. एका खोलीत आपण बसायचं, दुसऱ्या खोलीत मालवाहू कंपनीची आणि तिच्या विमावाल्यांची माणसं, आणि मधल्या बोळातून निरोप घेऊन ये-जा करायला एक मध्यस्थ. अशा बैठकीत दाखवायला जखमी माणसाच्या एका दिवसाची फिल्म काढून न्यायची, हा या धंद्यातला रिवाज. समोरच्यांनी कागदावर 'डावा पाय मांडीतून कापला' एवढं वाचलेलं असतं. तसा माणूस पलंगावरून उठतो कसा, अंघोळ करतो कशी, ते कागद सांगत नाही.

आणि हर्लिंदा कांतूच्या फिल्ममध्ये काय होतं? पुतणीच्या लग्नातला निळा झगा होता. आदल्या संध्याकाळी शेजारच्या चेलोने रोलर लावून बसवलेले केस होते. आरशासारखी पुसलेली फरशी. तव्यावर टम्म फुगलेल्या तोर्तिया, निवडुंगाची भाजी, अंड्यात परतलेलं चोरिझोचं मसालेदार सॉसेज, आणि या सगळ्याच्या मधोमध खुर्चीत बसलेली, पाहुण्याला 'आणखी एक घे रे' म्हणणारी हसरी बाई. आर्नुल्फो एरवी मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या मेजवान्यांची आणि लग्नांची शूटिंग करायचा. त्याने खिडकीच्या पडद्यातून येणारं ऊन तिच्या गालावर बरोबर पकडलं होतं. शेवटी गिटारही घातली होती.

"त्याला वकिलांनी सांगितलं होतं की काय काय काढायचं," नोएलिया म्हणाली. "यादी दिली होती. पलंगावरून उतरणं, न्हाणीघर, जखम पुसणं. त्याने त्यातलं एक तरी काढलं का?"

"तो म्हणाला होता बिचारा, 'मिस, आता न्हाणीघराचं घेऊ या.' मी म्हटलं, 'आर्नुल्फो, खाली बस आणि खा.'"

"आणि तो बसला?"

"बसतोच. बसमध्येसुद्धा एका हाकेत बसायचा."

सव्वीस वर्षं सान तिबुर्सियो गावच्या शाळेची पिवळी बस जिने चालवली, तिच्यापुढे सगळ्या गावाचं तेच व्हायचं. नगराध्यक्ष असो की दाढीवाला आर्नुल्फो, हर्लिंदाने भुवई उचलली की तो सात वर्षांचा होई आणि गुपचूप सीटवर जाऊन बसे. पहाटे चार चाळीसला उठायचं, पाचला कॉफी, साडेपाचला बसभोवती टॉर्च घेऊन एक फेरी, चाकं ठोकून बघायची, दिवे बघायचे, मग शेतातल्या रस्त्यांनी एकेक दारापुढे थांबत पोरं वेचायची. कुणाचा डबा राहिला, कुणाच्या बापाने आज पुन्हा ढोसलीय, कोण बूट घालून आलेलं नाही, हे शाळेला कळायच्या आधी हर्लिंदाला कळायचं. बुटांचे दोन जोड तिच्या सीटखाली कायम असत.

अपघात झाला तोही कामाच्या वेळेनंतर. एप्रिल, कांद्याचा हंगाम. शेवटच्या पोराला दारात उतरवून, बस डेपोत लावून ती स्वतःच्या पिकअपमधून घरी निघाली होती आणि चौकात लाल दिव्याला थांबली होती. मागून कांद्याचा ट्रक आला. त्याचा ड्रायव्हर आदल्या सकाळपासून जागा होता. कंपनीच्या नोंदीत मात्र तो आठ तास झोपला होता. डुलकीतून शेवटच्या क्षणी त्याला जाग आली, त्याने चाक फिरवलं, आणि बावीस टन गोड कांदा घेऊन मागचा डबा पिकअपवर आडवा झाला. पत्रा कापून तिला बाहेर काढायला पावणेदोन तास लागले. तोवर रस्ताभर पसरलेला कांदा लोकांनी पोत्यांनी उचलून नेला.

"माझा अपघात सगळ्या गावाने खाल्ला," असं हर्लिंदा आल्यागेल्याला सांगते आणि स्वतःच हसते. चेलोने तर त्यातल्याच कांद्याचं लोणचं करून इस्पितळात आणलं होतं. चांगलं झालं होतं म्हणे.

बाई हसते कशी, याचं लोकांना नवल वाटे. तिच्या लेखी त्यात नवल काहीच नव्हतं. तासभर आधी त्याच चौकातून ती अडतीस पोरं घेऊन गेली होती. तो तास देवाने तिला दिला. बदल्यात एक पाय आणि एक खांदा मागून घेतले, कमरेच्या हाडात अकरा खिळे ठोकले. सौदा तिला वाईट वाटला नव्हता.

पण याच समाधानाने तिच्या दाव्याची वाट लावली होती. इस्पितळात रोज सकाळी नर्स येई, विचारी, 'कसं वाटतंय आज?' आणि हर्लिंदा म्हणे, 'बरी आहे, देवाची कृपा.' दुसरं काय म्हणतात? या भागात मरणाच्या दारात टेकलेला माणूसही तेच म्हणतो. विचारणाऱ्याला दुखणं सांगत बसायचं म्हणजे त्याच्या डोक्यावर आपलं गाठोडं ठेवण्यासारखं. नर्स बिचारी ऐकलं ते लिहून घेई. कंपनीचा वकील, ह्यूस्टनचा प्रायर नावाचा तरुण, गुळगुळीत दाढीचा, त्याने ते सगळे कागद मागवले आणि मोजले. एक्केचाळीस. एक्केचाळीस दिवस 'रुग्ण म्हणते बरी आहे'. जबाबाच्या दिवशी लिहून घेणारी बाई यंत्रावर बोटं ठेवून बसली होती, तेव्हा त्याने गोड हसून विचारलं, "आज कशा आहात, मॅडम?"

"बरी आहे, देवाची कृपा. तुम्ही कसे? नाश्ता केलात का?"

बेचाळीस.

ओचोआंनी टेबलाखाली स्वतःची मांडी चिमटली होती.

"अमा, इकडे बघ." नोएलिया समोर बसली आणि तिने बीन्सचं ताट बाजूला सरकवलं. "गुरुवारी त्यांनी हात वर केले तर पुढे काय, सांगू? न्हाणीघर मोठं करायला काही नाही. दारापुढे रॅम्प बांधायला काही नाही. सकाळ-संध्याकाळ बाई ठेवायला काही नाही. मग तू या घरात एकटी राहू शकत नाहीस. मग तू माझ्याबरोबर सान अँटोनियोला यायचं. आपलं ठरलंय."

"तुझं ठरलंय."

"खोलीला रंगसुद्धा दिलाय मी."

"पिवळा. बघितला फोटोत. छान आहे." हर्लिंदाने ताट पुन्हा पुढे ओढलं. "तिसऱ्या मजल्यावरून मला कोण दिसणार गं? कबुतरं?"

हे घर तिच्या नवऱ्याने, चोनने, एकेक पगार साठवत एकेक खोली करून बांधलं होतं. समोरच्या रस्त्यावरून अजून तिचीच बस, नंबर सत्तावीस, जायची. नवा ड्रायव्हर दारापुढे आला की हॉर्न द्यायचा आणि पोरं खिडक्यांतून ओरडायची, "मिस! मिस!" सकाळी सहा पन्नासला आणि दुपारी तीन चाळीसला. हर्लिंदाचा दिवस या दोन वेळांना टांगलेला होता. ते ती कुणाला सांगायची नाही. नोएलियाला तर नाहीच. पोरगी दर शुक्रवारी दातांच्या दवाखान्यातलं काम उरकून चार तास गाडी हाकत येते, रविवारी तशीच परत जाते. तिला काय म्हणायचं, की मला तुझी खोली नको, मला एक हॉर्न हवाय?

"पुन्हा फिल्म काढू या," नोएलिया म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "खरी. सकाळी उठतेस कशी, ते."

"ते कुणी बघायचं नसतं."

"मी बघतेच की दर शनिवारी."

"शनिवारी तू मला उचलतेस." हर्लिंदाचे खडे वेचणारे हात थांबले. "सोमवार ते शुक्रवार कोण उचलतं?"

"चेलो येते ना?"

"चेलो येते आठला. मला न्हाणीघर लागतं पाचला."

खरंच, दीड वर्षात हा हिशेब नोएलियाने कधी केला नव्हता. सव्वीस वर्षांची सवय, शरीर कुठे पेन्शन घेतं?

"मग तू काय करतेस?"

आईने वेचलेले खडे ताटाच्या कडेला लोटले. मग म्हणाली, "सोमवारी सुट्टी काढ. आर्नुल्फोला पावणेपाचला बोलव. आणि त्याला सांग, गिटार घरी ठेव."

सोमवारी पावणेपाचला आर्नुल्फो आला तो देवळात आल्यासारखा, टोपी हातात घेऊन.

"मिस, मी दिवा लावू का? इथे उजेड—"

"रोज किती असतो तेवढाच. तू त्या बोळात भिंतीला टेकून उभा राहा. नोए, तू त्याच्या मागे. आणि दोघांनी तोंडं बंद ठेवायची. चालू केलंस?"

"हो, मिस."

"मी सांगेपर्यंत बंद करायचं नाही."

जुन्या सुती झग्यात, विस्कटलेल्या केसांनी, बिनलिपस्टिकची हर्लिंदा पलंगावर उठून बसली. गुळगुळीत फळीचं एक टोक तिने मांडीखाली घातलं, दुसरं खुर्चीवर टेकवलं आणि डाव्या हातावर भार देऊन तसूतसूने सरकली. तिथे सहा मिनिटं गेली. खुर्ची बोळातून न्हाणीघरापर्यंत आली आणि दारात अडली. चार बोटं जास्त रुंद. चोनला हा दरवाजा कुणाच्या तरी मोडक्या घरातून फुकट मिळाला होता. त्याने दरवाजा आधी आणला आणि भिंत नंतर, त्याच्या मापाने बांधली.

तिने खुर्चीला ब्रेक लावला. दाराच्या कडीला अडकवलेलं पिठाचं रिकामं प्लॅस्टिकचं पोतं काढलं, खाली अंथरलं, आणि खिळ्यांच्या कमरेवर, एका पायावर, दाराची चौकट धरून हळूहळू जमिनीवर उतरली. मग पोत्यावर बसून फरशीवर ढकलत ढकलत निघाली. पोतं छान घसरतं. हा शोध तिचा स्वतःचा.

आर्नुल्फोचा श्वास कॅमेऱ्यात ऐकू येत होता.

संडासाच्या भांड्यापाशी पोहोचल्यावर खरी चढण होती. बेसिनचा पाइप डाव्या हातात, कोपर टबाच्या कडेवर, आणि एक, दोन, तीन. जमलं नाही. ती धप्पकन खाली बसली. नोएलिया बोळातून पुढे झेपावली.

"हात लावलास तर मला पहिल्यापासून करावं लागेल," हर्लिंदा मागे न बघता म्हणाली.

नोएलिया जागच्या जागी थांबली.

"चोन, मेल्या, तुझा दरवाजा!" हर्लिंदा छताकडे बघून म्हणाली. "स्वर्गात तुला यापेक्षा अरुंद मिळो." तिने दम घेतला. कपाळावरचा घाम दंडाला पुसला. एक, दोन, तीन. या वेळी ती वर गेली.

वर बसल्यावर तिने बोट उचललं. "आता भिंत बघ, आर्नुल्फो."

त्याने कॅमेरा भिंतीकडे वळवला. फिल्ममध्ये चार मिनिटं नुसत्या फरशा आहेत, निळ्या, एक कोपऱ्यात तडकलेली. ऐकू येतो फक्त नळ. मग "हं, वळ," असा आवाज आणि पुन्हा तोच प्रवास उलटा. खुर्चीत पोहोचली तेव्हा तिचा झगा पाठीला चिकटला होता आणि ती डाव्या हाताने केस मागे सारत होती.

"किती झाली?"

आर्नुल्फोने डोळे पुसून पाहिलं. "तेवीस मिनिटं, मिस."

"पहिल्या महिन्यात पन्नास लागायची," ती म्हणाली. त्या आवाजात जे होतं त्याला गर्वाशिवाय दुसरं नाव नव्हतं. "बंद कर आता. नोए, तवा ठेव. या पोराचा चेहरा बघ, पांढरा पडलाय."

नोएलिया तवा ठेवायला गेली खरी, पण चुलीपाशी पाठमोरी उभी राहिली, नुसतीच. दीड वर्षं तिला वाटत होतं की आईला एकटीला काहीच जमत नाही. जमत होतं. आणि कसं जमत होतं ते आता डोळ्यांपुढून जात नव्हतं. दोन्हींपैकी कशाने रडू येतंय हे तिचं तिलाच ठरवता येईना. आर्नुल्फोने पाच ताको खाल्ले.

गुरुवारी मॅकालनला लांबलचक टेबल, मऊ खुर्च्या आणि कुणी हात न लावलेले केक. मध्यस्थ होत्या निवृत्त न्यायाधीश मिसेस हॅलोवेल, सत्तरीच्या, पायात पळायचे बूट. निरोप्याचं काम, दिवसाला चार मैल होतात, असं त्यांनीच सांगितलं.

"दोन्या हर्लिंदा, फक्त सोमवारची दाखवतो," ओचोआ कानात म्हणाले. "आणि तेवीस मिनिटं कुणी बघत नाही. पाच करू या."

"दोन्ही दाखवा. आधी निळ्या झग्याची. आणि सोमवारची पूर्ण."

"पण पहिली तर त्यांच्याच फायद्याची—"

"वकीलसाहेब, त्या माणसाकडे माझी बेचाळीस 'बरी आहे' आहेत. ती कुठून आली ते त्याला कळायला नको?"

ओचोआंनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी हळूच मान डोलावली. बहुधा त्यांच्याही घरी एक आई होती.

फिल्मपुरते सगळे एकाच खोलीत होते; पहिली सुरू झाली तसा प्रायर खुर्चीत मागे रेलला. तोर्तिया फुगली, त्याने काहीतरी टिपून घेतलं. गिटार वाजली, त्याच्या शेजारचा विमावाला गालात हसला. ओचोआ उठले, म्हणाले, "हे घर पाहुण्यांसाठीचं. आमच्याकडे विचारणाऱ्याला हेच दाखवतात आणि हेच सांगतात. नर्सला सांगितलं, तुम्हाला सांगितलं. आता रोजचं." आणि खाली बसले. एवढं लहान भाषण त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

तेवीस मिनिटं खोलीत कुणी पेन उचललं नाही. निळ्या फरशा आल्या आणि सरेचनात, तेव्हा विमावाल्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. हर्लिंदा मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. ती प्रायरकडे बघत होती. पोरगा वाळलाय, सकाळी खाऊन निघत नसावा, असं तिच्या मनात आलं.

मग दोन खोल्या, मधला बोळ, आणि मिसेस हॅलोवेल यांचे बूट. आकडे गेले, आकडे आले. नोएलिया नखं खात होती. दुपारी तीनच्या सुमाराला बहुतेक सगळं जुळलं: पाय, खांदा, शस्त्रक्रिया, न्हाणीघर, रॅम्प. एकच कलम अडून बसलं. घरी मदतीला बाई, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर.

मिसेस हॅलोवेल या वेळी आल्या त्या खुर्ची ओढून बसल्याच. "त्यांचं म्हणणं असं. मुलगी आहे. मुलीने घरात खोली तयार ठेवलीय, हे बाईंच्या स्वतःच्या जबाबात आहे. घरचं माणूस सांभाळायला तयार असताना पगारी बाईचा खर्च आम्ही जन्मभर का सोसावा?" मग त्या नोएलियाकडे वळल्या. "मुली, हे उत्तर तुलाच द्यायचंय. आई तुझ्याकडे येणार आहे का?"

दीड वर्षं नोएलिया जे जे बोलली होती ते सगळं आता कंपनीच्या तोंडून बाहेर पडलं होतं, जसंच्या तसं, तेही स्वस्तात.

हर्लिंदाने लेकीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती मागणी झाली असती, आणि लेकीकडे मागायचं नाही हे तिने ठरवलेलं होतं. ती त्या केकांकडे बघत राहिली. हो म्हणाली तर गेलं घर.

"त्यांना सांगा," नोएलिया म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. "त्यांना सांगा, ती खोली मी माझ्यासाठी रंगवली. मला रात्री झोप लागावी म्हणून. आईने ती मागितली नव्हती." ती थांबली. "माझी आई पाचला उठते. मी उठते सातला. दोन तास ती माझ्या घरात काय करणार? पलंगावर पडून, मी कधी जागी होते याची वाट बघणार? आत्ता ती कुणाची वाट बघत नाही. तुम्ही बघितलंत ना? तिला उचलणारं माणूस नकोय. पाचला येऊन शेजारी उभं राहणारं माणूस हवंय, पडली तर. ते काम पगाराचं आहे. मुलीचं नाही."

"म्हणजे येणार नाही?"

"माझी आई कुठेही जाणार नाही. तिचं घर आहे."

मिसेस हॅलोवेल यांनी एक ओळ लिहिली, उठल्या आणि बोळातून गेल्या. हर्लिंदाने एक केक उचलून लेकीपुढे सरकवला. नोएलियाने तो खाल्ला.

पाचला दहा कमी असताना दार उघडलं. मिसेस हॅलोवेल यांनी मान हलवली, होकारार्थी. ओचोआंनी टाय सैल करून डोळे मिटले. "बाईसकट?" हर्लिंदाने विचारलं. "बाईसकट," मिसेस हॅलोवेल म्हणाल्या.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, शनिवारी, अंगणात सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्या होत्या. गवंडी दारापुढे दोरी लावून रॅम्पची आखणी करत होता. उतार जास्त होतोय की कमी, यावर त्याचं आणि नोएलियाचं सकाळपासून दोनदा वाजलं होतं. नव्या मदतनीस बाई सोमवारपासून यायच्या होत्या. त्यांची मुलगीही पूर्वी बस नंबर सत्तावीसमधली, त्यामुळे हर्लिंदा त्यांना भेटायच्या आधीच ओळखत होती. त्यांच्यासाठी कॉफीचा वेगळा कपही तिने काढून ठेवला होता. घरात सगळीकडे धूळ होती आणि ती कुणी पुसत नव्हतं.

हर्लिंदा चुलीपाशी बसून मिरच्या भाजत होती. नोएलिया मापाची टेप शोधायला आत आली. फ्रिजच्या वर, खणात, पिशवीखाली शोधू लागली.

"नोए."

"हं?"

"त्या दिवशी त्या बाईंना म्हणालीस, मी कुठेही जाणार नाही. मुलीचं काम नाही म्हणालीस."

"मग?"

"ते कंपनीला ऐकवायला होतं," हर्लिंदाने मिरची चिमट्याने उलटली, "की मनातलं होतं?"

टेप खिडकीच्या कट्ट्यावर होती. नोएलियाने ती उचलली, उघडून हातभर बाहेर ओढली, सट्कन सोडून दिली. बाहेर गवंडी हाक मारत होता. तिने आईच्या डोक्यावरची सिमेंटची धूळ हाताने झटकली, दोनदा, जरा जोरातच, आणि "उतार कमीच ठेव, जन्मभर वापरायचाय!" असं गवंड्याला ओरडत अंगणात गेली.